भोग कुणाचे, मर्जी कुणाची?

सल्ला केंद्रात बसणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला विचारा. समोरची बाई आपली हकीकत सांगते. मारहाण, उपासमार, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, दिराची नजर. सगळं सांगून होतं आणि शेवटी ती म्हणते, ‘‘काय करायचं ताई, माझे भोगच तसे.’’ कुणी नशीब म्हणते, कुणी प्राक्तन. कुणी कपाळाला बोट लावते आणि म्हणते, सटवाईनं लिहिलंय ते कुणाला चुकलंय? आपण अर्जाचा कागद पुढे ओढतो, तारखा विचारतो, डॉक्टरांचा दाखला आहे का ते बघतो. पण तिच्या त्या एका वाक्याला अर्जात रकाना नसतो. आपण ते ऐकून सोडून देतो.

माझं म्हणणं असं आहे की ते वाक्य सोडून देऊ नये. बाई तक्रार मागे घेऊन परत त्याच घरात जाते, त्याला पैसा, निवारा आणि मुलं ही मोठी कारणं आहेतच. पण ‘हे आपल्या वाट्याला यायचंच होतं’ ही समजूतही तिला परत नेते. जे यायचंच होतं त्याच्याविरुद्ध दाद कुणाकडे मागणार? तेव्हा देव, दुःख आणि माणसाची मर्जी हा विषय कीर्तनकारांवर आणि तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांवर सोपवून आपल्याला चालणार नाही. तो आपल्या केंद्रात रोज येऊन बसतो.

प्रश्न फार जुना आहे. देव दयाळू आहे आणि सर्वशक्तिमानही आहे, तर मग जगात एवढं दुःख का? त्याला ते थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान नाही. थांबवता येत असून थांबवत नसेल तर तो दयाळू नाही. हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर सांगितला जातो. आपल्याकडेही तो नव्हता असं नाही. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर येणारे दोन आरोप स्पष्ट घेतले आहेत. एक वैषम्य, म्हणजे पक्षपात. दुसरा नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. कुणाला सुखात आणि कुणाला दुःखात जन्माला घालणारा ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, असा तो प्रश्न आहे. विचारणारे काही नास्तिक नव्हते. शास्त्रकारांनाच त्याला उत्तर द्यावं लागलं.

त्यांनी दिलेलं उत्तर आपल्या घराघरात पोचलेलं आहे. ईश्वर ज्याच्या-त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच. या मांडणीत देव सुटला. पण आरोप हवेत विरून गेला नाही. तो जिला दुःख भोगावं लागतं तिच्याच डोक्यावर येऊन बसला. विधवा झाली तर मागच्या जन्मी कुणाचं तरी जोडपं फोडलं असेल. मूल झालं नाही तर कुणाच्या तरी पोटावर पाय दिला असेल. बाईचा जन्म आला हेच मुळी पापाचं फळ. जो गुन्हा तिला आठवत नाही, ज्याचा पुरावा नाही, ज्यात तिला बाजू मांडायची सोय नाही, त्याची शिक्षा ती भोगते आहे असं आपण निमूट मान्य करतो. कुठल्याही न्यायालयात असला खटला उभा राहिला असता तर आपण मोर्चा नेला असता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या ठिकाणी नेमकं बोट ठेवलं आहे. गरिबाचं दैन्य त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आहे असं म्हटलं की राज्याची आणि समाजाची जबाबदारी संपते, आणि अशा सिद्धान्ताचा दुसरा उपयोग काय, असा त्यांचा सवाल आहे. ‘गरीब’ या शब्दाच्या जागी ‘बाई’ घालून बघा. एक अक्षरही बदलावं लागत नाही. दलित बाईच्या वाट्याला तर दोन्ही हिशेब येतात. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमचं’मध्ये आषाढात अंगात येणाऱ्या बायांचं आणि त्यांच्या पोटातल्या भुकेचं जे वर्णन केलं आहे ते वाचलं, म्हणजे १९५६ नंतर घराघरांतून देव्हारे का बाहेर काढले गेले ते समजतं.

दुसरं उत्तर मुख्यतः ख्रिस्ती विचारातून आलं. संत ऑगस्टीनपासून ते चालत आलं आहे, आणि १९७४ साली अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लॅन्टिंगा यांनी ते नव्या तर्काने मांडलं. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं. चांगलं आणि वाईट यांतून निवडायची मोकळीक असेल तरच चांगुलपणाला अर्थ. कळसूत्री बाहुलीच्या चांगुलपणाचं कौतुक कोण करील? पण मोकळीक दिली की माणूस वाईटही निवडणार. म्हणून जगातली दुष्टाई ही माणसाच्या स्वातंत्र्याची किंमत आहे, देवाची चूक नाही.

हे उत्तर कर्माच्या उत्तरापेक्षा मला बरं वाटतं, आणि त्याचं कारण पुढे सांगते. पण आधी त्याची बाईच्या बाजूने तपासणी केली पाहिजे. किंमत आहे म्हणता, ती कोण देतो? नवऱ्याला मारण्याची मोकळीक आहे. मग बायकोला मार न खाण्याची मोकळीक कुठे गेली? एकाचं स्वातंत्र्य राखायचं म्हणून दुसरीचं मोडू द्यायचं, याला स्वातंत्र्य देणं म्हणत नाहीत, पक्ष घेणं म्हणतात. शेजारच्या खोलीत बाईला मारल्याचा आवाज येतोय आणि चाळीतला माणूस म्हणाला, ‘‘त्याची मर्जी, आपण मध्ये पडू नये,’’ तर त्याला आपण भला माणूस म्हणत नाही. फौजदार असं म्हणाला तर चौकीवर जाऊन बसतो. मग देवाच्या बाबतीत हेच कारण पुरेसं कसं धरायचं? श्रद्धा असलेल्या बाईला हा प्रश्न आपल्या देवाला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यात पाखंड काही नाही.

दुसरी गोष्ट अशी की इच्छास्वातंत्र्याची ही भाषा आपल्या समाजात वाटली कशी जाते ते पाहा. कर्म आणि मर्जी या दोन्ही कल्पना आपण वापरतो, पण सोयीप्रमाणे. त्याने मारलं तर ‘त्याचा स्वभाव तापट, राग आवरत नाही बिचाऱ्याला.’ म्हणजे त्याच्या वागण्यावर त्याचा ताबा नाही. तिने सोसलं तर ‘तिचं नशीब’. म्हणजे तिच्या जगण्यावर तिचा ताबा नाही. पण तीच बाई मेली, किंवा पोलिसात गेली, की एकदम तिच्याकडे स्वातंत्र्य येतं. ‘इतकं होतं तर सोडायचं होतं नवऱ्याला.’ ‘तिनंच ओढवून घेतलं.’ दाद मागायची वेळ आली की तिचं प्राक्तन, आणि दोष द्यायची वेळ आली की तिची मर्जी. असा हा दुहेरी हिशेब आहे, आणि तो आपल्या बैठकांतसुद्धा कधी कधी ऐकू येतो.

देवीला सोडलेल्या मुलींच्या बाबतीत हा हिशेब अगदी उघडा पडतो. न विंचरलेल्या, तेलपाणी न मिळालेल्या केसांत गुंता होऊन जट धरते. लगेच म्हणतात देवीचं बोलावणं आलं. मुलगी सात-आठ वर्षांची असते. मर्जी देवीची, निर्णय घरच्यांचा आणि पुजाऱ्याचा, आणि पुढे शरीर वापरणार गावातले पैसेवाले पुरुष. मुलीची इच्छा या सगळ्यात कुठे आली? पण तीच पुढे पंचवीस वर्षांची झाली की लोक म्हणतात, ‘तिला तेच आवडतं.’ मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, महाराष्ट्राने २००५ साली प्रथा संपवण्याचा नवा कायदा केला. निपाणी, गडहिंग्लज भागात १९७०च्या दशकापासून या बायांना संघटित करण्याचं काम झालं. या कामात देवीशी भांडण नव्हतं. देवीच्या नावाने मर्जी चालवणारे कोण आहेत ते दाखवून देणं, हे काम होतं.

यावर कुणी म्हणेल, माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाचं हे ठीक आहे. पण भूकंप, रोगराई, दुष्काळ यांचं काय? तिथे कुणाची मर्जी? प्रश्न रास्त आहे, म्हणून आपल्याच भागातली गोष्ट घेऊ. १९९३ साली अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत ७ हजारांहून अधिक माणसं गेली. देवाचं करून झोपलेली माणसं देवाने नेली, हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या तोंडी होता. त्याच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षं आधी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, पोर्तुगालच्या लिस्बन शहरात असंच झालं होतं. सर्व संतांचा सण, चर्चमध्ये माणसं दाटलेली, आणि भूकंप. त्यावरून युरोपभर वाद पेटला. व्हॉल्तेअरने देवाच्या न्यायावर विश्वास ठेवणाऱ्यांची खिल्ली उडवली. रूसोने १७५६ साली त्याला पत्र लिहून एक साधा मुद्दा काढला, की इतकी उंच घरं एका जागी दाटीवाटीने निसर्गाने बांधली नव्हती.

किल्लारीलाही तो मुद्दा लागू पडतो. जमीन हलली ती कुणाच्या मर्जीने नव्हे. पण माणसं मेली ती मुख्यतः चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि मातीच्या जड माळवदाखाली. घरं तशी का होती, त्यांचा धोका लोकांना कुणी का सांगितला नाही, हे प्रश्न देवाकडे जात नाहीत. ते सरकारकडे, अभियंत्यांकडे, आपल्याकडे येतात. आणि भूकंपानंतर नुकसानभरपाईचा धनादेश कुणाच्या नावावर निघाला, नवं घर कुणाच्या नावावर झालं, हा तर सरळ सरळ माणसांच्या मर्जीचा प्रश्न.

चांगल्या हेतूनेसुद्धा आपत्तीला देवाची शिक्षा म्हणू नये, हेही इथे सांगायला हवं. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर लिहून त्याला विरोध केला. गांधीजींचा हेतू अस्पृश्यता जावी हा होता, त्याबद्दल शंका नाही. पण त्या ढिगाऱ्याखाली ज्यांच्यावर अन्याय झाला तीही माणसं असणारच. शिक्षेची भाषा एकदा मान्य केली की उद्या कुणीही उठून म्हणेल, बायका बिघडल्या म्हणून पाऊस पडत नाही. नाहीतरी म्हणतातच.

दुःखाचा जो भाग निसर्गाचा आणि जो भाग माणसांचा, तो वेगळा काढता येतो. हे एका गावाने अलीकडेच करून दाखवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. करोनाच्या साथीत कितीतरी तरुण बाया विधवा झाल्या होत्या. करोना कुणी मर्जीने आणला नव्हता. नवरा गेला, त्याचं दुःख कुठलाही ठराव कमी करू शकत नाही. पण नवरा गेल्यावर तिचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं आणि पुढे जन्मभर हळदीकुंकवाला न बोलावणं, हे विषाणूने केलं नाही. ते गावाने ठरवलेलं होतं. जे गावाने ठरवलं ते गावाला बदलता येतं, एवढं साधं सत्य त्या ठरावात आहे. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा मार्ग घ्यायला सांगितलं. ठराव कागदावर राहतात हे आपल्याला माहीत आहे. तरी शेकडो वर्षं जे ‘भोग’ या सदरात मोडत होतं ते ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आलं, हा फरक लहान नाही.

आता देवाचं काय करायचं? चळवळीत याबाबत दोन मतं नेहमी दिसतात. काहीजणी म्हणतात, देवावरची श्रद्धा गेल्याशिवाय बाई मोकळी होणार नाही. काहीजणी म्हणतात, धर्माच्या वाटेला जाऊ नका, बायका तुटतात. मला दोन्ही पुरी पटत नाहीत. श्रद्धा आणि दुःखाचं स्पष्टीकरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाईला तिचा देव ठेवू द्यावा. पण तिच्या दुःखाचं जे स्पष्टीकरण तिच्या गळ्यात बांधलं गेलं आहे त्याच्याशी मात्र वाद घालावाच.

असा वाद घालणाऱ्या बायका आपल्या परंपरेत आहेत. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते आणि तरी तिची भक्ती कमी होत नाही. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, ती सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने. त्या पुस्तकात त्या नुसत्या पुरुषांना धारेवर धरत नाहीत, थेट देवाला जाब विचारतात, की दोघांनाही तूच घडवलंस तर सुख एकाला आणि दुःख एकीला हे कसं? त्यांची बाजू घेऊन उभे राहिले ते जोतीराव फुले. त्यांच्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एका घरात बायको एक धर्म मानते, नवरा दुसरा, मुलगी तिसरा, आणि सगळे गोडीने राहतात. बाईला स्वतःची श्रद्धा निवडायचं स्वातंत्र्य आहे, हे त्यात गृहीत आहे. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी आपल्या घरातल्या बाईला एवढं स्वातंत्र्य देऊन दाखवावं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं कुटुंब तीर्थयात्रा, उपास, दानधर्म सगळं शास्त्राप्रमाणे करत राहिलं, आणि आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. जुन्या श्रद्धेने दिलेली उत्तरं त्यांना पुरेनाशी झाली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पण तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलेलं सगळं मुकाट मानायलाही त्या तयार झाल्या नाहीत. आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाकडे गहाण टाकणार नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितलं. त्यांचं धर्मांतर कुणाला पटो न पटो. पण १८९६-९७ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा देवाने तो का पाडला याचा खल करत त्या बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणि बाया त्यांनी आणल्या आणि केडगावला त्यांना राहायला, शिकायला, काम करायला जागा केली. त्यांची श्रद्धा त्यांना कामाला लावणारी होती. श्रद्धा तपासायची ती अशी. ती बाईला उभी करते की बसवते, एवढंच बघावं.

मग ‘माझे भोग’ म्हणणाऱ्या बाईला काय म्हणायचं? ‘असं काही नसतं, ही अंधश्रद्धा आहे,’ असं एकदम म्हटलं तर ती गप्प होते आणि पुढच्या तारखेला येत नाही. तिचीच भाषा घेऊन बोलता येतं. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द कीर्तनातून, पोथीतून आपल्या बायकांच्या कानावर पडलेले असतात. साठलेलं, वाट्याला आलेलं, आणि आत्ता आपल्या हाताने होत असलेलं. तिला विचारावं, ‘‘बाई, तुझं प्रारब्ध तू म्हणतेस, राहू दे. पण त्याच्या क्रियमाणाचं काय? तो आज हात उचलतो ते कुणाच्या खात्यावर? आणि तुझं क्रियमाण काही आहे की नाही?’’ कर्माचा सिद्धान्त मानणाऱ्यालासुद्धा या प्रश्नातून सुटता येत नाही. इच्छास्वातंत्र्याचं उत्तर मला बरं वाटतं असं मी म्हटलं ते एवढ्यासाठीच. मारणारा हात त्याचा आहे, देवाचा नाही आणि तिच्या मागच्या जन्माचाही नाही, एवढं ते कबूल करतं. कायद्यानेही तेच केलं. १९८३ साली दंडविधानात ४९८अ कलम आलं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ८५वं कलम झालं आहे. नाव बदललं, अर्थ तोच. बाईचा छळ हा गुन्हा आहे आणि गुन्ह्याला करणारा असतो.

काही दुःखं अशी असतात की तिथे करणारा कुणीच सापडत नाही. चार वर्षांचं लेकरू कर्करोगाने जातं. आई विचारते, माझंच का? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे तयार उत्तर असतं त्यांची मला भीती वाटते. अशा वेळी तिच्याजवळ बसावं, चहा करून द्यावा, रात्री कुणीतरी सोबतीला राहावं. तिला देवाचं नाव घ्यायचं असेल तर घेऊ द्यावं, देवाला बोल लावायचा असेल तर लावू द्यावा. फक्त आजूबाजूची कुणी म्हणाली, ‘पांढऱ्या पायाची’, ‘हिनंच काहीतरी केलं असेल’, तर तिथे गप्प बसू नये. ते बोलणं देवाचं नसतं. बोलणारीला तोंड असतं, आणि तिला तिथल्या तिथे अडवता येतं.

आपल्या पुढच्या शिबिरांत कायद्याच्या सत्राबरोबर एक सत्र या विषयाचं ठेवावं, अशी माझी सूचना आहे. बायकांनी आपापल्या तोंडचे हे शब्द, भोग, नशीब, सटवाईचं लिहिणं, प्राक्तन, एका फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे विचारावं: यातलं निसर्गाचं किती, माणसांचं किती, आणि त्या माणसांची नावं काय? जिला देवाला नमस्कार करून बसायचं असेल तिने नमस्कार करून बसावं. नावं मात्र लिहावीत.